पासंग

रात्री आठला टीव्हीवरची मालिका संपते
आणि ब्लॅकबर्नमधली आमची अख्खी गल्ली
एकदम किटल्या लावते.
व्होल्टमीटरचा काटा दोनशे चाळीसवरून घसरतो.
मी थांबतो. होऊ दे सगळ्यांचा चहा.

मग बिस्किटांची पत्र्याची डबी.
कापसात तीन व्हॉल्व्ह, एकाच घाण्याचे,
काचेवर पांढऱ्या पेन्सिलीनं १०.७,
हिल्डा डक्सबरीच्या हातचं.
चाचणीच्या खोलीत ती खिडकीशी बसायची,
सातच्या पोटातून आडवी रेघ मारायची.
कारखाना गेला. रेघ राहिली.

हे तिघे कधी रेडिओत बसले नाहीत.
एक गाणं यांच्यातून गेलं नाही.
काम एवढंच: तापायचं आणि खरं सांगायचं.
खरं सांगतानाही माणूस झिजतोच,
म्हणून नियम होता, वर्षातून एकदा, आणि तिघांनाही विचारायचं.

पहिला. दहा मिनिटं. तार केशरी होते.
११.४.
इतका? पुन्हा बसवतो, पिना पुसून.
११.४.
दुसरा: तेच.
तिसरा: बरोब्बर १०.७, शहाण्या मुलासारखा.

एकोणीस वर्षं मी तिसराच काढत आलो,
दर सोमवारी. हाताशी असायचा.
तो दमत गेला तसतसा
मी यंत्राचा स्क्रू पिळत गेलो त्याच्या बाजूनं,
आणि माझा काटा
सगळ्या गावाला थोडं जास्तच चांगलं म्हणत राहिला.
मापात पाप नव्हतं हो माझ्या.
पासंग होता, मला न दिसणारा.

एन्टविसल आला होता रेडिओ घेऊन.
म्हणाला, आवाज खोल गेलाय.
मी काटा दाखवला: व्हॉल्व्ह ठणठणीत.
तू कान तपासून घे.
त्यानं घेतले. यंत्रही बसवलं कानात,
दोनशे पौंडांचं.

स्क्रू सोडवायला अर्धं मिनिट लागलं.
पाव फेरा, उलटा.
वही काढली नाही. तिच्यात चार हजार 'उत्तम' आहेत.

तिसऱ्याला डबीत परत ठेववेना.
माझ्याच रेडिओत लावला.
कुणी बाई गातेय,
लांबून, भिंतीपलीकडून गावं तशी.
की माझेच कान?

उद्या एन्टविसलकडे जायचं.
नवा व्हॉल्व्ह खिशात घालून ठेवलाय,
काय बोलायचं ते नाही.