बावन्न सेंटिमीटर

भिशी लागली मार्चात. चोवीस हजार.
नोटा मोजता मोजता खैरेबाई म्हणाल्या,
"फ्रीज ना?"
मी हो म्हटलं.
फ्रीज काय, थरथरतो पण चालतो अजून.
मला हवी होती रोडबाइक,
वाकड्या शिंगांची, दोन बोटं टायरची.
वय बेचाळीस. डायलिसिस विभाग, दुसरी पाळी.
चार-चार तास बघत बसायचं
दुसऱ्यांचं रक्त नळीतून जाताना, नळीतून येताना.
माझं कधी फिरणार,
असं एका गुरुवारी मनात आलं
आणि मग ते गेलंच नाही.

बाणेरच्या दुकानात एसी होता.
पोरगा गोड. "बजेट काय, मॅम?"
मी आकडा सांगितला.
त्यानं मान हलवली, जशी आम्ही हलवतो
रिपोर्ट हातात घेऊन, नातेवाइकांसमोर.
मग कार्बन, मग ग्रूपसेट, मग ग्रॅमचे हिशेब:
तीनशे ग्रॅम कमी हवेत तर तीस हजार जास्त.
तीनशे ग्रॅम तर
मी सकाळच्या पोळ्या सोडल्या तरी उतरतील.
बोलले नाही.
एका हेल्मेटला हात लावला, चिठ्ठी वाचली,
हात काढून घेतला.

खराडीत, अकराव्या मजल्यावर
निहार केळुस्कर देश सोडून चालला होता.
बाल्कनीत, ओल्या टॉवेलांखाली, ती.
निळी.
दहावीच्या पेपरला शाई सांडली होती बोटांवर,
तसली निळी.
"एकोणीसला देतो. पडूनच आहे."
पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या.
हँडल लांब, हात पुरेनात,
उतरताना दांडा लागला नको तिथं.
पण निळी होती हो.
दोन हजार विसार देऊन आले.

रात्री झोप येईना.
भिंतीला पाठ, दोन पायांत मृण्मयीचा ॲटलास,
आणि ती पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर,
"आई, सरळ उभी राहा ना."
शहात्तर सेंटिमीटर.
त्याच भिंतीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत.
माझ्या पायाची खूण नेमकी
तिच्या पहिल्या वाढदिवसाला चिकटली.
निळीचं माप छप्पन्न.
मला लागते बावन्न, फार तर.

नाना पेठेत इलाही बागवान म्हणाला,
"ताई, बाही उसवून वाढवता येते.
फ्रेमला शिवण नसते."
आणि आतून एक काढली, टायरांच्या ढिगामागून.
राखाडी. स्टीलची. दांड्यावर ओरखडे,
कुणीतरी कुठंतरी आपटलेली.
त्यानं मागचं चाक उचलून फिरवलं.
मी कान लावला. यंत्राचा सूर
कळतो मला, पोटापुरता.
"एका ठिकाणी घासतंय."
तो बघतच राहिला माझ्याकडे.
मग एक तार अर्धा आटा पिळली, पुन्हा फिरवलं.
आता नुसती हवा.
चेन नवी, टायर नवे, चौदा हजार.
बसले. कोपर आपोआप वाकलं.

विसारातले पाचशे परत आले,
सोबत हात जोडल्याचं चित्र.
उरलेल्यात हेल्मेट, दिवा, पंप, दोन ट्यूब
आणि पॅडची चड्डी,
जी मी दोरीवर साडीच्या आड वाळत घालते.

परवा पहाटे बोपदेव घाट.
तिसऱ्या वळणावर उतरले.
अंजिरांचा टेम्पो सासवडकडून येत होता, थांबला.
"पंक्चर का?"
"नाही. दम."
"मग ठीकाय," म्हणाला, गेला.
खाली कोंढव्याचे दिवे विझत होते एकेक.
वर किती वळणं उरली, माहीत नव्हतं.
अर्धी बाटली संपवली, अर्धी ठेवली.

घरी आले तर फ्रीज थरथरत होता.
मांड्याही.
त्याला टेकून उभी राहिले जरा वेळ.
खैरेबाईंना अजून सांगितलेलं नाही.