खिडकीवरची टिकली

भद्रकालीत मोबीनभाईकडे बोर्ड किलोवर मिळतात.
तो त्यांना पाट्या म्हणतो.
"ही हिरवी घेऊन जा, सोनं आहे हिच्यात,"
असं म्हणत पारड्यात एक जळका ट्रान्सफॉर्मरही टाकला त्यानं,
वजनाला.

सोनं नव्हतं.
चाळीस पायांचा एटी एटी-फाइव्ह होता,
सहा लाल आकड्यांची पट्टी, एक रिले,
आणि एका चिपच्या काचेच्या खिडकीवर
कुणीतरी लावलेली टिकली.
मरून. मखमली. चांगली मोठी.

हर्षदा मोबाईल धरून उभी. "हं, सांग, टिकली का?"
ही चिप उजेडात विसरते, मी म्हटलं.
खिडकी उघडी राहिली तर ऊन आत शिरतं,
दिवसेंदिवस एकेक शून्य उडवत जातं,
शेवटी सगळीकडे नुसते एक.
म्हणून वर काळी पट्टी लावतात.
त्या दिवशी पट्टी संपली असेल

शेजारच्या कुकरनं शिट्टी दिली.
पुन्हा पहिल्यापासून.

सिडको, चौथी स्कीम, गॅलरीतलं टेबल.
पहिला रविवार पाच व्होल्ट शोधण्यात गेला,
दुसऱ्यात चार फुगलेले कपॅसिटर आणि माझं एक बोट.
तिसऱ्या रविवारी आकडे पेटले:
शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.
हर्षदा इतकी ओरडली की तो भाग कापावा लागला.

मला वाटत होतं आत साप असेल,
स्वतःचं शेपूट टाळत पळणारा.
वहीत एकेक बाइट उतरवून काढला
तर निघाला भोंगा.
अंबडच्या कुठल्यातरी बंद कारखान्याच्या तीन पाळ्या.
सकाळी सात. दुपारी तीन. रात्री

दहा छप्पन्न.

तीनदा तपासलं. क्रिस्टल बरोबर, माझी बेरीज बरोबर.

रिलेला स्कूटरचा हॉर्न जोडला, घड्याळ तीनवर आणलं.
खाली निमसेकाका खुर्चीत पेंगत होते,
ते उठून चपला शोधायला लागले.
मग वर बघून शिव्या. मग जिना चढून
चहा मागितला आणि म्हणाले,
"आमचा भोंगा एवढा किरटा नव्हता."

दहा छप्पन्नचं त्यांना विचारलं.
बशी खाली ठेवली त्यांनी.
"गेटासमोरून शेवटची बस अकराला सुटायची.
आधी कायम हुकायची. पंचवटीपर्यंत पायी.
मग एका वर्षी मिळायला लागली.
आम्ही समजलो, कंपनीचं घड्याळ पुढं पळतंय.
साहेबाला कोण सांगणार!"

बोर्डाकडे बघितलं त्यांनी. टिकलीकडे.
"मेन्टेनन्सला एक बाई होती," म्हणाले,
"नाव..."
नाव आठवेना. चहा संपला, तरी आठवेना.

टिकलीचा गोंद सुटत आलाय. हर्षदानं
कडेनं नेलपॉलिश लावलं, पारदर्शक.
व्हिडिओ सहा मिनिटांचा झाला,
कुकर ठेवला आहे त्यात.
ती चार मिनिटं कुणाची, हे मी बोललो नाही.
बोर्ड गॅलरीत चालू असतो. हॉर्न काढलाय,
रात्री फक्त रिले वाजतो,
टक.