मोजणी

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर शहरांची यादी उघडली,
तर नाशिक होतं, पण स्पेलिंगमध्ये एच नव्हता.
वसीम कोकणी म्हणाला, कुठल्या जमान्यातली यादी गं ही?
मी म्हटलं, असू दे.
अण्णांच्या प्रेसच्या शिक्क्यातही एच नव्हता.

कंपनीचं नाव: निरोप्या.
कर्मचारी: एक ते दहा. त्यातले पहिले दोन आम्ही.
कार्यालय: उपनगर नाक्याजवळ, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर,
जिथं दुपारी वार्निशचा वास जिना चढून येतो
आणि न विचारता खुर्ची घेतो.

आपल्याला आमचे भागीदार का व्हायचे आहे?
पाचशे अक्षरांत.
वसीमनं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.
शेवटी जे खरं होतं तेच ठेवलं:
पिंपळगावच्या पॅकहाउसमधल्या बायकांना
सकाळची गाडी किती वाजता, ते रात्रीच कळावं.
साध्या फोनवर. मराठीत.
जोडाक्षरांचे पाय न मोडता.

अठरा दिवसांनी करार आला.
अकरा पानं नुसत्या गुप्ततेची.
वसीम एकेक ओळ बोटानं वाचत बसला,
मी सही करून मोकळी.
आमच्या घरात ते कलम आधीपासूनच लागू होतं.

तीस वर्षं अण्णांनी सिक्युरिटी प्रेसमध्ये
तिकिटं छापली, अंतर्देशीय छापली,
जगाच्या ख्यालीखुशालीची सोय केली,
स्वतः मामाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत.
गेटवर झडती. म्हणून खिशात सुटे पैसेसुद्धा नसत.
आज काय छापलं, विचारलं की म्हणायचे,
कागद.

आता चाचणी.
हजार संदेश सोडायचे, हजार पोचपावत्या दाखवायच्या,
मगच नावापुढे भागीदार लागणार.
ओळखीपाळखीचे सगळे नंबर गोळा केले:
खालचा रिवाइंडिंगवाला, त्याची तिन्ही पोरं,
माझी अख्खी दहावी ब,
वसीमच्या आतेभावाच्या लग्नाची यादी.

साडेनऊला सोडले.
दहाला नऊशे नव्व्याण्णव.
अकराला नऊशे नव्व्याण्णव.

वसीम म्हणाला, एकानं काय होतंय.
मी घरी फोन केला, उशीर होईल म्हणून.
अण्णांनी कारण विचारलं. ते कधीच विचारत नाहीत.
मी सांगितलं.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाले,
ब्याऐंशी साली एक शीट कमी भरली होती.
मग?
मग काय. गेट बंद. मोजत बसलो.
सापडली?
त्यांनी फोन ठेवला.

आम्ही लॉग उघडला. ओळ न् ओळ.
रेल्वेच्या बाजूनं मालगाडी गेली, डबे मोजायची माझी सवय,
पण त्या रात्री सोडून दिलं.
सव्वाबाराला वसीम खुर्चीत एकदम ताठ झाला.
शेवटचे चार आकडे त्यानं दोनदा वाचले,
आणि असा ओशाळला, की मला हसूही येईना.
नंबर त्याचाच होता.
पहिल्या नोकरीतला, अजूनही दर महिन्याला रिचार्ज केलेला,
का, ते मी विचारलं नाही.

फोन सर्वांत खालच्या खणात,
बिलांच्या, वायरींच्या, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या खाली.
बारीक पिनचा चार्जर शोधायला आणखी अर्धा तास.
पडदा हिरवा झाला.
एक रेघ. दोन.
आम्ही दोघं त्याच्यावर वाकून,
जसं कुणी नुकतं जन्मलेलं असावं.

टुंग.

"ही चाचणी आहे. कृपया उत्तर देऊ नये."
वसीमनं तरी उत्तर दिलं: पोचलं.
ते कुठं गेलं कोण जाणे,
उलटा रस्ता आम्ही अजून बांधलाच नव्हता.

जेलरोडला पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते.
ओट्यावरचा दिवा चालू, दाराची कडी काढलेली.
अण्णा आतूनच म्हणाले, भरले?
भरले, हजार.
दिवा त्यांनी स्वतः उठून बंद केला.