अडथळ्याच्या रकान्यात

पौषातली पहाट, पाच चाळीस.
कोसंबीच्या नाक्यावर बिनतारी संच
रात्रभर खरखरत होता, नेहमीसारखा:
नवरगाव बीट, सगळं ठीक. गुंजेवाही, सगळं ठीक.
मग मध्येच एक माणूस बोलला
जो आमच्यातला नव्हता.

आवाज इतका जवळ
की मी खिडकीबाहेर पाहिलं.
आधी मोडकं इंग्रजी, मग तेलुगू.
डोमाजी सिडाम तीन हंगाम खम्ममला
मिरची तोडून आलेला, त्यानंच उलगडलं:
"धक्का रिकामा नाही म्हनते. नांगर टाकून थांबा म्हनते.
जहाज होय जी बाई, कोनाचं तरी."

भिंतीवरच्या नकाशात समुद्र नव्हता.
तो वनविभागाचा नकाशा,
परिक्षेत्राच्या हद्दीला संपतो.

प्रशिक्षणात शिकवलं होतं, गार हवा खाली दबते,
वर ऊबदार थर बसतो,
लहर दोघांच्या फटीत सापडते
आणि लांब लांब जाते.
परीक्षेपुरतं पाठ केलं होतं मी.
आता बाहेर दिसत होतं:
कुमरेबाईच्या चुलीचा धूर
कवेलूंतून सरळ निघाला, बोरीच्या शेंड्याशी पोचला
आणि डोकं आपटावं तसा
आडवा झाला. मामा तलावावरून,
कापलेल्या धानाच्या बांध्यांवरून
पार टोलीपर्यंत एक सपाट निळी पट्टी.
त्याच छताखालून आला असणार तो,
गोदावरी ओलांडून, जरासा वाकून.

डोमाजी म्हणाला, समुद्र केवढा रायते?
मी पण पाहिला नाही.
"आसोलामेंढ्याएवढा?"
मोठा.
"दोन आसोलामेंढे?"
माझा अंगठा बटणावर होता.
नियमानं दाबायचा नव्हता.
दाबला. म्हटलं, कोसंबी ऐकते आहे.
खरखर.
मग तो, दुसऱ्याच कुणाला:
थांबा. भरती नऊ वाजता.

सूर्य सागाच्या वर आला.
धूर पुन्हा उभा राहिला.
आवाजाचे तुकडे पडले, शेवटचा आकडा अर्धाच,
आणि नवरगाव बीट, पाणवठ्यापाशी
बिबट्याचे ठसे, ताजे.

नोंदवहीत अडथळा म्हणून एक रकाना असतो.
त्यात मी लिहिलं, भरती नऊ वाजता.
साहेबांनी लाल पेनानं गोल केला,
विचारलं मात्र काही नाही.

हल्ली थंडीत डोमाजी
तोंड धुता धुता चुलींकडे बघतो,
आणि धूर आडवा दिसला की
अंगणातूनच हाक मारतो:
"बाई, आज समुद्र लागते वाटते."