हवेत आवळलेला

वाडी नाक्यामागं, टिनाखाली
रहमतुल्ला मिस्त्री बंपरवर उभे राहून
गाडी दाबत, सोडत.
मी खाली, पाट्यांवर तळवा टेकवून.
"बोल बे, कुठून?"
सगळीकडूनच येत होती ती कुईं.

उमरेडच्या खाणरस्त्यासाठी
तीन इंच उचललेली चारशेसात.
मालक जगनाडे म्हणे, "समोर उंदीर बसला हाय,
सकाळी गारव्यातच बोलते."

मी शॅकल म्हटलं. ग्रीस भरलं.
कुईं.
किंगपिन म्हटलं, लांब पेचकस कानाला लावला:
माझीच शीर वाजत होती.

मिस्त्रींनी कुलरच्या टाकीतून मगभर पाणी घेतलं,
एकेका बुशवर धार धरली.
डावीकडे, पाट्याच्या पुढच्या डोळ्यापाशी
गाडी गप्प.

"हा कोनं आवळला?"
मीच. जॅकवर, चाकं लोंबकळत असताना.

"पिळलं ना रबर मंग.
आधी भुईवर उतरव तिले, वजन घेऊ दे. मंग आवळ."

नट सैल केला.
डोळ्यात काहीतरी अर्धं बोट फिरलं
आणि थांबलं.

जगनाडे गेला, पैसे उद्या म्हणत.
वळणापर्यंत मी कान देऊन,
एकोणीस नंबरचा पाना हातात गरम होत.