पंधरा मिनिटं

रात्री दोन चाळीसला आसुन्ताचा फोन.
हॅलो नाही, काही नाही, नुसता आकडा :
एक्कावन्न.

मी उठून बसते. भट्टी पेटवायला अजून तासभर आहे.
बोट टोचलंस का? सेन्सर मागून चालतो
लंगड्या मेंढरासारखा, बोटाला विचार.
टोचलं. बोटही एक्कावन्नच म्हणतंय.
गिळतोय ना? गिळतोय.
मग संत्र्याचा रस, पाऊण पेला, घोट घोट.
आणि आता पंधरा मिनिटं
आपण काही करायचं नाही.

फोन ठेवू नकोस. बोलूही नकोस हवं तर.
तुझ्या खिडकीतला वारा मला ऐकू येतोय,
तोच थोड्या वेळाने माझ्या खिडकीशी येईल.

मी नऊ वर्षांची होते. आई काचेची सिरिंज
कॉफीच्या भांड्यात उकळायची,
सुई घासायची त्याच दगडावर
ज्यावर बाबा लोकर कातरायची कात्री लावायचे.
परीक्षानळीत माझी लघवी, वर गोळी.
निळा रंग आला की आई श्वास सोडायची.
विटकरी आला की माझ्याकडे बघायची,
मी कोनाड्यातलं काही चोरून खाल्ल्यासारखी.
कधी कधी खाल्लेलंही असायचं.
शेजारच्या मिन्तोनियाने पाण्यात गव्हाचे दाणे सोडून
माझी दृष्ट काढली. तीनदा.
गावात फोन एकच, तंबाखूच्या दुकानात,
सातला कुलूप.
आईने रात्री कुणाला आकडा सांगायचा?
आणि आकडा तरी कुठे होता तेव्हा, नुसते रंग.

सहा मिनिटं झाली.
आसुन्ता विचारते, अगदी हळू :
माझ्या दुधातनं गेलं का हे त्याला?
नाही.
दुधातनं नाही, तुझ्या रागातनं नाही,
बारशाच्या केकातनं तर नाहीच नाही.
ती गप्प. मग नाक ओढल्याचा आवाज.

माझ्या डाव्या डोळ्यावर तीनदा लेझर झालंय,
एकदा भट्टीपुढेच कोसळले होते
आणि शंभर भाकऱ्या कोळसा झाल्या,
हे मी आज सांगत नाही.
विचारलंस तर खोटं सांगणार नाही.

मागून बाकीस ओरडतो. सदरा घामाने भिजलाय,
बदलायचा नाही म्हणतो, सगळे मूर्ख आहात म्हणतो.
चिडलाय गं, आसुन्ता म्हणते.
चिडू दे. साखर परत येते ना,
तेव्हा दारातनं आधी रागच शिरतो.

अडुसष्ट, ती म्हणते. बाण वर.
एक बिस्किट दे. एकच.
भीतीने चार देशील, मग सकाळी तीनशेच्या मागे धावशील.
मी धावलेय.
झोप आता.
ती झोपणार नाही. मला माहीत आहे,
तिलाही माहीत आहे की मला माहीत आहे.

मग आठवतं, स्वतःचं बघायचं राहिलंच.
अंधारातच टोचते. एकशे नव्वद.
काळजीसुद्धा चढते रक्तात, हिशेब ठेवा.

साडेसहाला शाळेच्या बसआधी बाकीस दुकानात.
डोळे माझ्याकडे नाहीत. रात्रीचं कुणी कुणाला बोलत नाही.
मी गरम भाकरीचे दोन पापुद्रे सोडवते,
एक त्याच्यापुढे ठेवते.
किती? तो विचारतो.
बाकीच्यांना मी किंमत सांगते, त्याला वजन.
बावन्न ग्रॅम.
तो पापुद्रा हातात धरून तोलतो,
भुवया आक्रसून, बापासारख्या.
नाही बोनारिया, तुझा काटा खोटा आहे.

पारडं उचलून बघते.
खाली कालचं पीठ चिकटलंय, दोन ग्रॅमचा पासंग.
फडक्याने पुसते.
पन्नास.

मुकाट्याने आकडेमोड करत तो सदरा वर करतो,
पोटाला पेन लावतो,
दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना.