मागे सरका

वर्षभर दुसऱ्यांची तिकिटं फाडतो,
म्हणून दापोडी स्टेशनवर आमची दोन तिकिटं काढताना
उरलेले पैसे घ्यायलाच विसरलो.
उत्पला म्हणाली, "बाबा, तू आज कंडक्टर नाहीयेस."
पिशवीत डबा, पोळ्या, सुकटीची चटणी
आणि तिच्या आईनं निघता निघता कोंबलेली
एक मेणबत्ती.

मळवली. तिथून चालत, मग पायऱ्या.
नारळवाले, हळद, बँजो,
एकवीरेला निघालेल्या नटलेल्या बायका,
उलटा लटकून सगळं बघणारा कोंबडा.
आणि त्या गजराला अगदी खेटून
आमचं लेणं. गप्प.

आत गारवा.
दार एका सुतारानं दिलं म्हणे, धेनुकाकटच्या,
दगडात त्याचं नाव आहे.
राजांची नावं मला शाळेतही राहिली नाहीत लक्षात,
सुताराचं राहिलं.
वरच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं टिकल्यात,
आमच्या न्हाणीचं दार तिसऱ्या पावसाळ्यात गेलं.
पहारेकऱ्यानं मेणबत्ती लावू दिली नाही.
बरोबरच आहे, काजळी धरते.
न पेटवताच हात जोडले.
उत्पलानं सरणं म्हटलं, अगदी हळू,
छत मात्र ते म्हणत राहिलं
आम्ही ओसरीत येईपर्यंत.

ओसरीत हत्ती.
तीन इकडे, तीन तिकडे,
पाठीवर अख्खी भिंत, मजल्यांवर मजले.
सुळ्यांच्या जागी भोकं.
"इथे खरे सुळे होते?"
"हस्तिदंताचे होते, असं म्हणतात."
"म्हणजे कुणाचे?"
मला उत्तर सुचेना.
तिनं भोकात करंगळी घातली
आणि लगेच काढली,
त्याला दुखेल म्हणून.

दुपारी जीपनं पवनेच्या अंगाला,
जिथे म्हातारे हत्ती ठेवतात.
फाटकावर पाटी:
स्वारी नाही. अंघोळ घालणे नाही.
केळी, ऊस, गूळ देऊ नये.
निगडीची एक बाई तडकली, "मग करायचं काय इथे?"
दस्तगीरचाचा म्हणाले, "बघायचं."
जन्मभर माहूत होते ते. आता फक्त शेण उचलतात,
असं स्वतःच सांगितलं, हसत.

मी कुंपणाला टेकलो होतो.
"साहेब, मागे सरका. अजून. त्या चुन्याच्या रेघेमागे."
बावीस वर्षं मी लोकांना पुढे सरका म्हणतोय,
मागे सरायचं कसं ते पायांना पटकन कळेना.

ती आली. गोदा.
कान फाटके, मागच्या पायाला
साखळीनं कोरलेलं काळं कडं, साखळी काढली तरी तसंच.
शहरात सापडली, चाचा म्हणाले,
डांबरावर चालून तळवे फुटलेले.
"कुठल्या चौकात?"
"सगळ्याच."

मी सात वर्षांचा होतो, बोपोडीला.
आईनं रुपया दिला,
सोंडेनं तो उचलला, वर पोचवला,
मग माझ्या डोक्यावर ओलसर, जड असं काहीतरी ठेवलं.
आई म्हणाली, आता पास होशील.
झालो, तिसऱ्या खेपेला.
वरच्या माणसाच्या हातात लोखंडाचा आकडा होता
आणि हत्तीच्या कानामागे माश्या.
मी फक्त सोंड बघितली.

हीच का ती?
चाचांना विचारलं नाही.
समजा हीच, तर मी काय म्हणणार होतो?

गोदानं धूळ उडवली,
आमच्याकडे बघितलं न बघितलंसं केलं
आणि वळून उभी राहिली.
निगडीच्या बाईचा फोटो पाठमोरा आला.
उत्पला तेवढ्यात हळूच म्हणाली,
"हिच्या पाठीवर काहीच नाहीये."

परतीच्या गाडीत ती झोपली, माझ्या दंडावर.
चटणी संपली, पोळ्या उरल्या.
कामशेतला गर्दी चढली, कुणीतरी ओरडलं,
मी उठून जागा दिली
आणि तिचं डोकं पिशवीवर नीट ठेवलं.
पिशवीत मेणबत्ती होती,
उन्हानं थोडी वाकलेली.